नाट्यगृह नको, खोली द्या

पुण्या-मुंबईच्या छोट्या रंगमंचांचे येत्या मोसमाचे कार्यक्रम सध्या मोबाइलवर येऊन पडतायत. नवी संहिता, अभिवाचन, दीर्घांक, एकपात्री, आणि नाटक संपलं की कलाकारांशी गप्पा. वर एक ओळ ठरलेली: महाराष्ट्रातल्या तमाम रसिकांसाठी. हे तमाम रसिक राहतात कुठे, तर प्रयोगाच्या जागेपासून रिक्षाचं भाडं शंभराच्या आत बसेल एवढ्या टापूत. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागचा माणूस संध्याकाळी सातचा प्रयोग बघायला निघाला तर त्यानं सकाळचीच एसटी धरायची. रात्री तिकडे नाटकाच्या आशयावर गप्पा रंगल्या की यानं स्वारगेटला उभं राहून सोलापूर गाडीची चौकशी करायची. प्रयोग त्यांचा, प्रवास आमचा.

तरी पुणेकरांवर राग नाही, हेवा आहे. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे. प्रदीप वैद्यांनी उभं केलेलं 'द बॉक्स' आहे. आता श्रीराम लागू रंग-अवकाशही आहे. काळ्या भिंतींची खोली, हव्या तशा मांडता येणाऱ्या खुर्च्या, आणि नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळ प्रेक्षक. अशा जागेत पन्नास माणसं आली तरी कुणाचं तोंड पडत नाही. मोठ्या नाट्यगृहात तेवढीच पन्नास आली तर नट प्रेक्षकांकडे बघून हळहळतात आणि प्रेक्षक नटांकडे बघून. छोट्या जागेचा खरा फायदा वेगळाच. तिथं तारीख लागलेली असते. नाटक चांगलं निघो की फसो, अमुक शनिवारी काहीतरी नवं असणार हे लोकांना ठाऊक असतं. फसण्याचीही सोय लागते नाटकाला. ती आमच्याकडे नाही.

म्हणजे वैरागात जागा नाही असं नव्हे. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं एवढं मोठं गाव. मंगल कार्यालयं आहेत, शाळांचे हॉल आहेत, गोदामं आहेत. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या कायमच्या ठाण मांडून बसलेल्या, मागं प्लास्टिकच्या फुलांची भिंत, वर पत्रा. एक वाक्य बोललं की तीनदा ऐकू येतं, म्हणून तर सत्काराचं भाषण इतकं लांबतं. दिव्यांचं म्हणाल तर हॅलोजन दोन. एक लावला की डोळे दिपतात, दुसरा लावला की फ्यूज जातो. तिथं शोकांतिका करायची तर नायकाला वधूवरांच्या खुर्च्यांमागं जाऊन मरावं लागेल.

यावर उपाय काय, असं गावात विचारा. उत्तर तयार: नाट्यगृह बांधा! ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालीये, म्हणजे ही मागणी आज ना उद्या निवेदनात येणार, आणि येणार ती हजार खुर्च्यांचीच. आठशे म्हटलं की शेजारच्या गावापुढं नाक कापलं जातं. पुढची गोष्ट महाराष्ट्रानं गावोगाव पाहिलीये. कोनशिला बसते, निधी येतो, निधी थांबतो, ठेकेदार बदलतो. उद्घाटन होतं तेव्हा एसी चालू असतो, नंतर तो चालू ठेवायचं बिल कोण भरणार यावर ठराव होतो. मग शिबिरं, मेळावे, गुणवंतांचे सत्कार. नाटकवाला भाडं विचारायला गेला की आकडा ऐकून एकांकिका न करताच घामाघूम होतो.

आणि गंमत म्हणजे मराठीतल्या प्रायोगिक नाटकानं असल्या नाट्यगृहाकडे कधी आशेनं पाहिलंच नाही. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ साली 'आविष्कार' ही संस्था काढली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये नाटकं सुरू झाली, आणि पुढं दीड दशकाहून जास्त काळ ती तिथंच चालली. शाळेचा हॉल! ना फिरता रंगमंच, ना मखमली पडदा. खाली दादरचा गजबजाट, वर नाटक. आज मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारे 'छबिलदास चळवळ' असं म्हणतात. एका शाळेनं संध्याकाळी एक हॉल उघडा ठेवला, त्याची चळवळ झाली. आमच्याकडे संध्याकाळी शाळेला जे कुलूप लागतं, त्याचा इतिहास कोण लिहिणार?

हॉलची किल्ली मागायला गेलं की दुसरा मुद्दा निघतो. "असली नाटकं आपल्या लोकांना कळायची नाहीत हो." हे वाक्य बोलणारा माणूस सप्ताहात सात दिवस कीर्तनाला बसतो. एकच कीर्तनकार, अंगावर तेच धोतर, हातात तीच चिपळी. घटकेत तो तुकोबा होतो, घटकेत सावकार, घटकेत तुकोबाच्या जिजाईची चिडचिड. मधेच कथा सोडून गावातल्या बांधाच्या भांडणावर घसरतो आणि अभंगाच्या चरणावर अलगद परत येतो. हे सगळं लोकांना कळतं, पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांना कळतं. सतीश आळेकरांनी १९७४ साली 'महानिर्वाण' लिहिलं, त्यात मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात. विद्यापीठांत त्यावर प्रबंध झाले. वैरागात ते केलं तर प्रबंध होणार नाही. लोक हसतील, आणि दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत बसलेली आपापली माणसं आठवतील. न कळण्याची भीती आहे ती हॉलच्या मालकाला.

आणि 'आपल्या लोकांना' म्हणजे कुणाला? 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आलं. त्यात ब्राह्मणांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा. ते बसवणारे डॉ. जब्बार पटेल पंढरपुरात जन्मले, सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले. अतुल कुलकर्णी सोलापुरातल्या 'नाट्य आराधना'तून पुढं गेले. आणि आमच्या तालुक्याचं ठिकाण असलेल्या बार्शीत १९१६ साली शाहीर अमर शेख जन्मले. गिरणीत काम केलं, डफ घेतला, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक गाजवलं. नाट्यगृहाची वाट बघत बसले असते तर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तशाच कोरड्या गेल्या असत्या. तेव्हा जिल्ह्यानं माणसं पुरवायची, पुण्या-मुंबईनं ती वापरायची, आणि आम्ही टीव्हीवर बोट दाखवून "हा आपलाच बरं का" म्हणायचं, ही वाटणी आता पुरे झाली.

खेड्यातून उलटी गाडीही सुटते. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी 'आकडा' लिहिलं ते विजेच्या तारेवर टाकायच्या आकड्यावर. हा विषय सुचायला परदेशी रंगभूमीचा अभ्यास लागत नाही, रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला जावं लागतं. पुढं त्यांचंच 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ साली आलं, नंदू माधव यांनी बसवलं, शेती करणारी पोरं त्यात उभी राहिली आणि मुंबई-पुण्यात त्यांनी घरं भरवली. शहरातल्या समीक्षकांनी त्याला ताजेपणा म्हटलं. आमच्याकडे त्याच ताजेपणाला 'रिकामटेकडी पोरं' म्हणतात.

या पोरांपुढं सध्या एकच दार उघडं असतं: सरकारी हौशी नाट्यस्पर्धा, सोलापूर केंद्र. दिवसा कामधंदा, रात्री तालमी, असे दोन-तीन महिने काढून प्रयोग किती? एक. समोर परीक्षक, आणि पुढच्या नंबरची वाट बघत बसलेला दुसरा संघ, जो तुम्ही पडावं म्हणून मनापासून टाळ्या वाजवत नाही. निकाल लागतो, नेपथ्य टेम्पोत चढतं, आणि राजवाड्याच्या पायऱ्या कुणाच्या तरी घरात डबे ठेवायला जातात. पहिल्या प्रयोगात लक्षात आलेली चूक दुसऱ्या प्रयोगात सुधारायची असते, पण दुसरा प्रयोगच नाही. पोटात दुखत असताना एकच गोळी देऊन डॉक्टर बदलावा तसलं हे नाटकाचं शिक्षण.

नाटक करायचं तर संहितेला आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते आहेच. अमोल पालेकरांनी २०१६ साली याविरुद्ध उच्च न्यायालय गाठलं. सरकारला नाटकाची अजून धास्ती वाटते, ही खरं तर रंगभूमीची इज्जत आहे. वैरागात त्या मंडळाला घाबरायला काही शिल्लकच नाही.

आता पैशाचं बोलू, कारण नाटकवाले ते शेवटी बोलतात आणि म्हणून बुडतात. शंभर खुर्च्या, शंभर रुपये तिकीट, घर भरलं तर दहा हजार. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेवढी कृपा. पण पुण्याहून आठ-दहा माणसं, दोन ट्रंका आणि दिवे गाडीत घालून वैरागला आणायचे तर डिझेल आणि जेवणातच हे दहा हजार विरघळतात. म्हणून एकट्या वैरागनं आमंत्रण देऊन भागणार नाही. सोलापूर, वैराग, बार्शी, धाराशिव, लातूर असा फेरा लावायचा. एकदा गाडी पुण्यातून निघाली की पाच रात्री पाच प्रयोग करूनच परतायची. जुन्या संगीत नाटक कंपन्या मुक्काम टाकून हेच करत होत्या, तमाशाचे फड आजही करतात. आम्हीच तेवढे शहाणे, एका प्रयोगासाठी गाडी बोलावतो आणि मग नाटक परवडत नाही म्हणतो.

तारखा कुणी ठरवायच्या? पुण्याच्या कॅलेंडरनं नव्हे. विदर्भात वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. झाडीपट्टीत धान कापून हातात पैसा आला की दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. लोक थंडीत कुडकुडत, रात्र-रात्र मंडपात बसून, तिकीट काढून नाटक बघतात. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आमच्याकडे सोयाबीन घरात आल्यापासून ज्वारी काढणीला येईपर्यंतचे महिने तसे हातात असतात. मराठी रंगभूमी दिनही त्यातच येतो, ५ नोव्हेंबरला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, ते त्या काळचं प्रायोगिकच होतं, मराठीत आधीचं उदाहरण समोर नव्हतं. त्या दिवशी गावोगाव नटराजाच्या फोटोला हार पडतो. यंदा हार वाचवून त्याच आठवड्यात पहिला प्रयोग लावावा. महिन्याला एक. बाहेरून आलेलं एक नाटक झालं की पुढच्या महिन्यात इथल्या पोरांचं. स्पर्धेत पडलेलं असेल तर आधी तेच.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर कणकवलीकडे बघा. तेही काही महानगर नाही. तिथं वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान वर्षानुवर्षं एकांकिका स्पर्धा घेतं, बाहेरची प्रायोगिक नाटकं बोलावतं, आणि गावातली माणसं येऊन बघतात. त्यांच्याकडे समुद्र जवळ आहे म्हणून नव्हे. चार माणसांनी दरवर्षी तेच काम न कंटाळता केलं म्हणून. आमच्याकडे चार माणसं जमली की पहिली बैठक अध्यक्ष कोण यावर संपते आणि दुसरी होत नाही.

तेव्हा मागणी अगदी लहान आहे. एक हॉल, महिन्यातून एका शनिवारी. खिडक्यांना जाड काळं कापड. डझनभर दिवे आणि ते मंद-तेज करायची एक पेटी. शंभर प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या मंडपवाल्याकडे आहेतच. या सगळ्याला एका वाढदिवसाच्या फ्लेक्सबाजीइतकाही खर्च येत नाही. नियम तीन. साडेसातचं नाटक साडेसातला, प्रमुख पाहुणे वाटेत असले तर त्यांनी वाटेतच थांबावं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत यांतलं काही नाही, कारण ते आधी झालं की नंतरचं नाटक फिकं पडतं. आणि पास नाही. "आपलाच माणूस आहे, सोडा आत," असं म्हणणाऱ्या आपल्याच माणसानं दोन तिकिटं काढावीत.

राहिला पहिल्या रांगेतल्या सोफ्याचा प्रश्न. पांढरा टॉवेल टाकलेला, पुढ्यात टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. कुठल्याही हॉलमध्ये तो हलवायला कुणी पुढं होत नाही, कारण त्याच्यावर कोण बसणार हे गावाला तोंडपाठ असतं. हलवूच नका. सरळ स्टेजवर चढवा. प्रायोगिक नाटकाला नेपथ्य फारसं लागत नाही, एक सोफा मात्र कुठल्याही नाटकात खपतो. ज्यांना तो सोडवणार नाही, त्यांना सोफ्यासकट वर घ्या. फक्त संवाद देऊ नका.