याहू मेसेंजर यांस: न सांगता गेल्याबाबत तक्रार अर्ज

प्रति,
मा. याहू मेसेंजरसाहेब,
मु. पो. सनीवेल, कॅलिफोर्निया.
हल्ली मुक्काम: अज्ञात.

विषय: परस्पर कायमचे ऑफलाइन गेल्याबाबत.
संदर्भ: आपले दि. 17 जुलै 2018 रोजीचे निधन.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, मी आपला जुना खातेदार असून आपण वारल्याची बातमी मला आपल्याकडून न कळता व्हॉट्सॲपवर कळली. यात तुमचा अपमान जास्त की माझा, हे तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, नोटीस दिली होती. दिली होतीत, कबूल. जून महिन्यात जाहीर केलंत की 17 जुलैनंतर दुकान बंद, ज्यांना जुन्या गप्पा हव्या असतील त्यांनी सहा महिन्यांच्या आत उतरवून घ्याव्यात. पण ही नोटीस लावलीत तुमच्याच दारावर, जिथं आम्ही कित्येक वर्षं फिरकलो नव्हतो. आमच्याकडं साधी फेरफार नोंद करायची तरी तलाठी संबंधितांना नोटीस बजावतो, चावडीवर डकवतो आणि हरकतीला पंधरा दिवस देतो. आमची हरकत तुम्ही विचारलीच नाही.

वेळही काय साधलीत! त्या वर्षी आषाढी 23 जुलैला होती. तुकोबांची पालखी अंथुर्ण्याचा मुक्काम आटोपून निमगाव केतकीच्या वाटेनं पुढं गेलेली. पालखीच्या मुक्कामाला आमच्याकडं लाउडस्पीकर रात्रभर बोलत असतो. अमुक दिंडीतल्या तमुक मावशी, तुमची माणसं शाळेपाशी उभी आहेत, जिथं असाल तिथून या. ना पासवर्ड, ना आयडी. तासाभरात मावशी हजर, वर चुकलेल्या पोराला एक धपाटा. अशा गावातून त्याच आठवड्यात तुम्ही गेलात आणि साधा पुकारासुद्धा झाला नाही.

आपल्या तारेनं निरोप कसा घेतला ते तुम्ही बघायला हवं होतंत. 1850 साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली लाइन पडली, तिथपासून 163 वर्षं तिनं चाकरी केली. शेवटची तार 14 जुलै 2013 ला स्वीकारली गेली. त्या दिवशी शहरांतल्या तार ऑफिसांपुढं रांगा लागल्या. जन्मात कधी तार न केलेली पोरं हौसेनं तार करून आली. खरं तर तिला कधी कुणी प्रेमानं दारात घेतलं नव्हतं. खेड्यात तारवाला दिसला की कागद फोडायच्या आधी रडारड सुरू व्हायची. तरी तिच्या मयताला गर्दी. तुम्ही मात्र पिवळा हसरा चेहरा घेऊन जन्मलात, शब्दागणिक पैसे मागितले नाहीत, आणि तुम्हाला चार खांदेकरी मिळाले नाहीत.

आता खातं कसं उघडलं ते सांगतो, म्हणजे अर्जाला आधार राहील. सन 2004-05चा सुमार. अंथुर्ण्यातून एसटीनं लासुर्णे, सणसर, भवानीनगर करत बारामतीला कॉलेजला यायचं. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनत होते, पण इंटरनेट बघायचं तर बारामतीच गाठावी लागे. कॅफे म्हणजे एका दुकानाचा माळा, त्यात प्लायवुडची खुराडी, प्रत्येकात एक गुरगुरणारं मशीन. तासाला वीस-पंचवीस रुपये. मालक वहीत नाव आणि वेळ टिपून घ्यायचा आणि पाच मिनिटं उरली की प्लायवुडवर टकटक करायचा. कीबोर्डवरचं ए आणि एस कधीच पुसून गेलेलं. त्यात लोडशेडिंग. समोरून 'टायपिंग' असं दिसत असताना वीज गेली, की ती व्यक्ती काय लिहीत होती हे आजन्म कळायचं नाही. माझी अशी दोन-तीन वाक्यं अजून यायची आहेत.

चॅट रूममध्ये पाय टाकला की पहिला सवाल 'एएसएल'. वय काय, बाई की बाप्या, राहणार कुठलं. एसटीत शेजारी बसलेली म्हातारीही हे तिन्ही प्रश्न विचारते. वर ती जात आणि पगारही विचारते. वय आम्ही दोन-तीन वर्षं वाढवून सांगायचो. बाई की बाप्या या रकान्यात काही मित्रांनी काय भरलं, ते त्यांच्या बायकापोरांकडं बघून इथं लिहीत नाही. खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाची. 'अंथुर्णे' असं रोमन लिपीत लिहून पाठवलं की समोरून नुसतं प्रश्नचिन्ह. 'इंदापूर' म्हटलं की लोक इंदूर समजायचे. 'बारामती' म्हटलं की समोरचा राजकारणावर घसरायचा आणि दहा रुपये त्यातच जायचे. म्हणून सगळ्यांनी एकच उत्तर पक्कं केलेलं: पुणे.

हे खोटं नव्हतं, साहेब. सातबाऱ्यावर जिल्हा पुणे असंच छापलेलं असतं. आम्ही मधले शंभरावर किलोमीटर तेवढे गाळायचो. 'पुण्यात कुठं?' असं विचारलं की कोथरूड. तुमच्या दप्तरी कोथरूडची जेवढी लोकसंख्या लागली असेल, तेवढी प्रत्यक्षात असती तर महापालिकेला पाणी पुरलं नसतं. आमच्यातल्या एकाची अशीच कोथरूडच्या एका मुलीशी ओळख झाली. दोघं महिना-दीड महिना कोथरूडबद्दल अतिशय जपून बोलत होते. ट्रॅफिक फार वाढलंय हो, असं. एक दिवस हा गाफीलपणे लिहून गेला, की घरी टेन्शन आहे, उसाला तोड लांबलीय. पलीकडून ताबडतोब आलं: कारखाना कुठला? आता कोथरूडची पोरगी कारखाना विचारत नसते. ती अकलूजकडची निघाली. त्यानंतर मात्र दोघांचं बोलणं झकास चालू लागलं: टनेज, पाचट, पहिली उचल.

आमच्याबरोबरच्या मुलींना हा कॅफे सोपा नव्हता. एकटी मुलगी तो जिना चढली तर संध्याकाळची एसटी गावात पोचायच्या आत बातमी पोचायची. त्या तिघी-तिघी मिळून यायच्या आणि एका खुर्चीवर दोघी बसायच्या. मुलीचं नाव लावून रूममध्ये गेलं की मिनिटभरात पंधरा खिडक्या उघडायच्या, त्यातल्या चौदा उघडायच्या लायकीच्या नसायच्या. म्हणून त्या मुलाचं नाव लावायच्या आणि निवांत क्रिकेटवर बोलायच्या. आमच्या थापा हौसेच्या होत्या, त्यांच्या गरजेच्या. तुमच्या आठवणी काढणाऱ्या पुरुषमंडळींना हे सहसा आठवत नाही.

बाकी सोयी तुम्ही छान केल्या होत्या. 'बझ' दाबलं की समोरच्याची खिडकी थरथरायची आणि अख्ख्या कॅफेला कळायचं, कुणाचं कुणाशी बिनसलंय. 'इनव्हिजिबल' तर कमालच. पतसंस्थेचा वसुलीवाला दारात आला की आतून 'घरात नाहीत' असं सांगायची आमची जुनी रीत तुम्ही मशीनमध्ये बसवलीत.

एक उपकार मात्र वेगळा नोंदवतो. रविवारी सकाळी कॅफेत एक आजी यायच्या. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत. मालक त्यांना कोपऱ्यातलं वेबकॅमचं मशीन द्यायचा. डोक्यावरच्या पदरावर हेडफोन चढवून त्या ट्रंककॉलच्या आवाजात बोलायच्या, त्यामुळं मुलाचा पगार, सुनेचा स्वभाव, सगळं आम्हाला माहीत. मधेच चित्र अडकायचं. मुलगा तोंड अर्धं उघडं ठेवून थिजायचा. आजी हाका मारायच्या नाहीत. पदराच्या टोकानं काच पुसत बसायच्या, काचेवरच्या धुळीनंच तो थांबला असावा तशा. चित्र हललं की पुढचा प्रश्न: जेवलास का? तिकडं शनिवारची रात्र असायची. त्यांच्या मशीनवर मालकानं कधी टकटक केल्याचं मी ऐकलं नाही.

असं असूनही तुम्ही बुडालात कसे, हे आता सगळ्या भावकीला माहीत आहे. जान कूम आणि ब्रायन ॲक्टन ही तुमच्याच घरची पोरं. 2007 मध्ये बाहेर पडली, फेसबुककडं नोकरी मागितली, मिळाली नाही, 2009 मध्ये व्हॉट्सॲप नावाची वेगळी चूल मांडली. 2014 मध्ये त्याच फेसबुकनं ती चूल 19 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. तुमच्या अख्ख्या वाड्याला 2008 मध्ये मायक्रोसॉफ्ट 44 अब्ज द्यायला तयार होतं, तेव्हा भाव पाडतो म्हणून त्याला परत पाठवलंत. 2017 मध्ये व्हेरायझननं साडेचार अब्जांच्या आत व्यवहार उरकला. वाड्यापेक्षा चूल महाग. जाताना 'स्क्विरल' नावाची खारुताई वारस म्हणून पुढं केलीत. तिचं बारसं पुन्हा करून 'टुगेदर' नाव ठेवलं, आणि 2019 मध्ये तीही गेली.

तुमच्या पिढीतलं आता कुणी उरलं नाही. ऑर्कुट 2014 लाच गेलं. एआयएम डिसेंबर 2017 मध्ये. आयसीक्यू तुमच्याहून मोठा, 1996चा. तिथं माणसाला नावाऐवजी नंबर मिळायचा, तरी तो 26 जून 2024 पर्यंत तग धरून होता. आपल्याकडचं हाइक नऊ वर्षंही न भरता जानेवारी 2021 मध्ये आटोपलं. स्काइप 5 मे 2025 ला. एवढी सुतकं पाळायची म्हटली तर घरात पुरणपोळी शिजायची नाही.

आणि फार मिजास नको. तुमच्याशिवायही ऊसपट्ट्याचं अडत नव्हतं. वारणानगरला 1998 पासून सत्तर गावांत संगणक बसवले होते, 'वारणा वायर्ड व्हिलेज' म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर ते संगणक मुख्यत्वे ऊस किती भरला आणि खत किती उचललं याच हिशेबाला लागत होते. मग त्यांनी काही गावांत प्रयोग म्हणून संगणकाऐवजी मोबाइल ठेवला आणि साध्या एसएमएसवर तेच काम भागवलं. तुम्ही आम्हाला डोळा मारणाऱ्या स्मायली शिकवत होतात, तेव्हाची ही गोष्ट.

तरीही चाळिशीतली मंडळी तुमच्या नावानं उसासे टाकतात. काय दिवस होते, म्हणतात. मी एकेकाला खोदून विचारलं. एकालाही तुमच्यावर झालेलं एक धड संभाषण आठवत नाही. आठवतं ते कोथरूड. 2016 मध्ये जिओ आलं आणि गाव सगळं व्हॉट्सॲपवर आलं. आता ग्रुपवर नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन, तोडीचा नंबर, दशक्रियेचा निरोप, सगळं येतं, आणि ते उपयोगाचं आहे, मी नावं ठेवणार नाही. पण तिथं कुणी 'राहणार कुठलं' विचारत नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत असतं: वस्ती कुठली, आजोबा कोण, बांधावरून भांडण कुणाशी, सोसायटीची बाकी किती. आमच्यातल्या काहींनी पुढं खरंच कोथरूडात फ्लॅट घेतले. ग्रुपवर ते अंथुर्णेकरच आहेत आणि गणपतीच्या वर्गणीला त्यांचं नाव सगळ्यांत वर असतं. तुमच्याकडं आम्ही तासाभरासाठी कुणाचेच कुणी नव्हतो. पंचवीस रुपयांत ती चैन स्वस्त होती. तुमच्या नावानं उसासा टाकणारा त्या तासासाठी टाकतो. तुमच्यासाठी कुणी रडत नाही, हे लेखी कळवणं मला योग्य वाटलं.

सबब विनंती की, आपल्या मृत्यूचा दाखला अर्जदारास मिळावा, म्हणजे पासवर्ड विसरल्याची रुखरुख संपेल. तसेच आमच्या जुन्या गप्पा कुठं गोदामात सापडल्याच, तर त्या कृपया पाठवू नयेत. आमची मुलं रोमन लिपीतलं मराठी आमच्यापेक्षा भरभर वाचतात.

कळावे,
आपला विश्वासू,
एक माजी खातेदार,
अंथुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे.

प्रत, माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी: मा. व्हॉट्सॲप. आपलाही नंबर कधीतरी लागणार आहे. आपण खुशाल जावे. फक्त त्याआधी कालव्याच्या आवर्तनाची तारीख आम्हाला कुठं कळेल, तेवढी सोय लावून द्यावी.