जावई डोंग्यात बसणार आहेत

मिनियापोलिस

तीर्थरूप बाबा आणि आई,


ऑगस्टात कॅनडाच्या सीमेवरच्या ‘बाउंडरी वॉटर्स’ला जातो आहोत. हजारावर तलाव, मधे सडक नाही, दुकान नाही. डोंगा वल्हवायचा आणि रात्री तंबूत झोपायचं. बाबा, तुम्ही म्हणाल, साकोलीत तलाव कमी पडले काय? पण आपला शिवनीबांध बघायला परवाना लागत नाही, म्हणून जावयांना त्याची किंमत नाही. इथे जानेवारीतच परवान्यासाठी झुंबड उडते. एका परवान्यावर 9 माणसं आणि 4 डोंगे, दहावा पाहुणा चालत नाही.

जावई पडले पुण्याचे. पाणी त्यांना नळाचंच ठाऊक. तरी तयारी जोरात आहे. एका तलावातून दुसऱ्यात जाताना डोंगा खांद्यावर घेऊन जंगलातून चालावं लागतं. ते अंतर रॉडमध्ये मोजतात, एक रॉड साडेसोळा फुटांचा. आमच्या वाटेवर 80 रॉडचा टप्पा आहे, म्हणजे पाव मैल. सरावासाठी हे रोज 40 पौंडांची तांदळाची गोणी घेऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. शेजारच्या तेलुगू काकूंनी विचारलं, “तांदूळ कुठे स्वस्त लागला?”

आई, टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. तुझं लोणचं बरणीतून प्लास्टिकच्या डबीत काढलंय. अस्वलांमुळे शिधा रात्री झाडाला 12 फूट उंच टांगायचा. आपल्याकडचं अस्वल मोहफुलांवर खूश असतं. इथल्याला लाखोळीच्या वड्यांची चटक लागली तर भंडाऱ्याचा पत्ता देईन.

बाबा, एक गोष्ट मन घट्ट करून वाचा. इथले मूळचे ओजिब्वे लोक तळ्यात आपोआप उगवलेला तांदूळ डोंग्यात बसून काठीने झोडतात आणि दाणे डोंग्यातच पाडतात. ना चिखलणी, ना रोवणी. रोवणीची मजुरी देताना हे आठवू नका, उगाच त्रास होईल.

तिथे मोबाइलला रेंज नसते. चार दिवस फोन लागला नाही तर मावशीला गावभर करू देऊ नका.

तुमची,
बेबी

ता. क. जावई विचारतात, डोंगा कलंडला तर सासरेबुवा काय करायचे? मी सांगितलं, आधी डोंग्यावरच्या ढिवरकाकांच्या शिव्या खायचे, मग पोहायचे.