पाठमोरे वेळासला

घरात मला मान नाही, आणि जी आहे ती स्पाँडिलायटिसमुळे वळत नाही. म्हणून गाडी घेताना मी मायलेज, एअरबॅग असल्या किरकोळ चौकशा केल्या नाहीत; मागचा कॅमेरा आहे ना, एवढंच विचारलं. वेळासला कासवांची पिल्लं बघायला जायचा बेत बायकोने काढला तेव्हाही मी निर्धास्त होतो. पुढचं बघायला मी, मागचं बघायला कॅमेरा आणि दोघांच्या चुका काढायला शेजारी मेव्हणा, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे.

ताम्हिणी घाट सुंदर आहे. हरिहरेश्वरही सुंदर आहे. बागमांडल्याच्या जेट्टीवर सौंदर्य संपलं.

तिथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. खलाशी म्हणाला, "काका, गाडी उलटी चढवा." मी ऐटीत रिव्हर्स टाकला. स्क्रीन निळी झाली आणि मधोमध उमटलं, 'नो सिग्नल'. मागे उतार, उताराच्या दोन्ही बाजूंना खाडी आणि समोर हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग.

मेव्हणा आयटीत आहे. म्हणाला, "रीस्टार्ट करा." केलं. "मग फॅक्टरी रीसेट." मी नको म्हणायच्या आत त्याने तेही उरकलं. सगळी रेडिओ स्टेशनं पुसली गेली आणि स्क्रीनवर चिनी अक्षरं आली. मग काच पुसतो म्हणून तो मागे गेला, डिकी उघडली आणि चित्र आलं! स्वच्छ आकाश, त्यात एक घार. डिकीबरोबर कॅमेराही वर गेला होता. डिकी लावली, चित्र गायब. उघडली, घार हजर.

"डिकी उघडी ठेवूनच घ्या ना!"

"आणि आरशात काय दिसेल?"

"डिकी," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

१९५६ साली ब्यूइकने सेंच्युरियन नावाची नमुन्याची गाडी दाखवली होती. तिला मागचा आरसाच नव्हता. शेपटीला टीव्ही कॅमेरा आणि समोर पडदा. तेव्हापासून माणूस मागे बघायचं टाळतोय. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. गाडीमागे खेळणारं पोर आरशात दिसत नाही, हे त्याचं कारण. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सेन्सर सक्तीचे झाले. माझे सेन्सर ठणठणीत होते. कठडा, मोटरसायकली, टोपल्या घेतलेल्या कोळणी, सगळ्यांना बघून ते एकाच सुरात बोंबलत होते. सेन्सर काय आहे ते सांगत नाही, फक्त घबराट पसरवतो.

"आरशात बघू नका काका, माझ्याकडे बघा!" खलाशी ओरडला. तो मागे उभा होता. माझ्या मानेचा इतिहास त्याला सांगायला वेळ नव्हता.

शेवटी बायको उतरली. ती पाण्याला इतकी भिते की जेट्टीवरसुद्धा कडेने चालत नाही. ती गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभी राहिली, पत्र्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "मी आहे मागे. या तुम्ही." पत्र्यावरच्या थापांच्या अंदाजाने मी इंचाइंचाने मागे सरकत बोटीवर चढलो. यावर एक विनोद सुचला होता, पण तो करवला नाही.

पलीकडे बाणकोटचा किल्ला लागला. इंग्रजांनी अठराव्या शतकात तो घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. राणी व्हिक्टोरिया तेव्हा जन्मालाही यायची होती. वेळासला सकाळी पिल्लांवरची टोपली उचलली आणि ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूवरून सरळ समुद्राकडे निघाली. त्यांना रिव्हर्स गिअर नाही. मला फार हेवा वाटला.

पुण्याच्या अ‍ॅक्सेसरीजवाल्याने फोनवरच निदान केलं होतं, "अख्खा सेट बदलावा लागेल." परतीच्या वाटेवर मंडणगडला एक म्हातारे इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी रिव्हर्स टाकायला लावला आणि स्क्रीनकडे एकदा बघितलं. "निळी होते, म्हणजे रिव्हर्सचा करंट स्टीरिओपर्यंत येतोय. स्टीरिओ शहाणा आहे. ह्याला चिनी कोणी केला?" मेव्हणा दूर जाऊन फोनवर बोलू लागला.

डिकी आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी त्यांनी उपसली. डिकी उघडली-लावली की आतल्या वायरी दर वेळी त्याच जागी दुमडतात. त्यातली एक आतून तुटली होती. तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलं होतं. डिकी उघडली की दोन टोकं चिकटत, लावली की सुटत. त्यांनी हिरवं कापून टाकलं, नवा तुकडा डाग देऊन जोडला, वर श्रिंक ट्यूब चढवली आणि वायरीला थोडी ढील ठेवली. "ताणून बांधलेलं तुटतंच," म्हणाले, आणि चहाचेही पैसे घेईनात.

तेव्हा वाचकहो, रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीन निळी होत असेल तर आधी डिकी उघडा, बिजागरीजवळची रबरी नळी हलवून बघा आणि मगच खिशात हात घाला. मेव्हणा आयटीतला असेल, तर त्याला मागच्या सीटवर बसवा.