जपानस्वारीची पूर्वतयारी

तोक्योला कन्येकडे जाण्याचे ठरल्यापासून मी जपानी विद्येवर जो अंमल बसविला आहे, त्याची वार्ता व्हिसाच्या खिडकीपर्यंत पोहोचलेली दिसत नाही; एरवी बँकेचे उतारे आणि मुक्कामाची दिनवार यादी माझ्यासारख्या पंडिताकडे कोणी मागितली नसती. सत्तरी उलटलेला, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला गृहस्थ तिकडे दडून राहून नोकरी धरील, ही शंका अपमानास्पद खरी. पण तीत माझी थोडी स्तुतीच आहे, असे पत्नीचे मत पडले. जपानात पदोपदी पादत्राणे काढावी लागतात, म्हणून तिने माझ्या मोज्यांची झडती घेऊन निम्मे बडतर्फ केले.

माझ्या अधिकाराचा पाया मात्र भक्कम आहे. जपानी मुले आजही अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने अक्षरे शिकतात, आणि हा क्रम तिकडच्या भिक्षूंनी संस्कृताच्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून उचलला, हे कळल्यापासून आमच्या वाड्यात कोणाचीही सुटका झालेली नाही. कोणी आगाऊपणे नित्याच्या २१३६ कांजी चिन्हांचा विषय काढलाच, तर मी तडक तोक्योतल्या आसाकुसाच्या गणपतीकडे वळतो. सुमिदा नदीजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात आपला गजानन कांगितेन या नावाने वास करतो, मूर्ती कोणाच्या दृष्टीस पडू देत नाहीत, आणि भक्तजन त्याला चक्क मुळा वाहतात. ७ जानेवारीला तर शिजवलेल्या मुळ्याचा प्रसाद असतो. मोदकप्रिय दैवताची ही आबाळ ऐकून श्रोते हळहळले, की मी क्योतोचे कांकिदान पुढे करतो: तोंडाशी चुणलेल्या थैलीसारखे, आत गोड पुरण, तिळाच्या तेलात तळलेले, मोदकाचे सख्खे भावंडच. एवढ्यात चहा निवतो आणि कांजीचा मुद्दा निकालात निघतो.

या खटाटोपाचे खरे कारण पाच वर्षांचे आहे. बालवाडीत जाऊ लागल्यापासून नातीला मराठी समजते, पण उत्तर ती जपानीतच देते; फोनवर तिने काही गंमत सांगावी, कन्येने तिचा तर्जुमा करावा, आणि नात हसून, विसरून, दुसऱ्याच उद्योगाला लागल्यावर येथे आजोबांनी हसावे, हा क्रम मला आताशा सोसवत नाही. म्हणून मी तिचीच शिकवणी धरली. विद्यार्थी मंद आहे, असा तिचा शेरा कन्येने तत्परतेने कळविला. गुरुदक्षिणेची मागणी मात्र तर्जुम्यावाचून आली: "आजोबा, बेसनाचे लाडू आणा. खूप आणा. आईला देऊ नका."