आधी कापड बघा

परीक्षा संपल्या, आंब्याच्या पेट्या उघडल्या आणि दुकानांत ‘व्हेकेशन कलेक्शन’ लागलं. माडाच्या झावळ्या छापलेले शर्ट, अननस छापलेले फ्रॉक, वर-खाली एकाच कापडाचे को-ऑर्ड सेट. फोटोत सगळं झकास दिसतं. पण हे घालून मे महिन्याच्या भर दुपारी गुहागरच्या वाळूत उभं कोण राहणार?

तुम्हीच.

म्हणून पहिला हात रंगाला नको, कापडाला लावा. आतल्या शिवणीत बोटभर पट्टी शिवलेली असते, ती उलटून वाचा. बाहेर लटकणाऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लिनन फील’, आतल्या पट्टीवर बारीक अक्षरांत पॉलिएस्टर. हाताला लिनन, घामाला प्लास्टिक.

फरक किती पडतो? साधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम कापडात शिरतच नाही, अंगावरच राहतो. त्यात कोकणातली हवा आधीच ओली, त्यामुळे तो उडतही नाही. पाठीला शर्ट चिकटतो, काखेत कातडी सोलवटते आणि समोर सूर्यास्त चालू असताना माणूस घामोळ्यांची पावडर शोधत औषधाच्या दुकानात उभा असतो.

खेळाडूंचे टी-शर्ट पॉलिएस्टरचेच असतात की, असं कुणीतरी म्हणणारच. असतात. पण घाम बाहेर ओढून पसरवण्यासाठी त्यांची वीण मुद्दाम तशी केलेली असते. झावळ्यांच्या शर्टासाठी एवढी मेहनत कोण घेतो?

लाटांत उतरायचं असेल तर मात्र नायलॉन-पॉलिएस्टरचाच पोशाख हवा. साडी, जीन्स, घोळदार सुती कुर्ता घालून समुद्रात शिरणं धोक्याचं आहे. कापड पाणी पितं, जड होतं, पायांत अडकतं. दरवर्षी आपल्या किनाऱ्यांवर माणसं तशीच उतरतात, कारण पोहण्याच्या कपड्यांत लोक काय म्हणतील!

लोक काठावर असतात. पाण्यात तुम्ही असता.

जीन्सचंही एकदा स्पष्ट बोलू. 1873 साली अमेरिकेत खिशांना तांब्याच्या रिबिटी ठोकून तिचं पेटंट घेतलं गेलं ते राबणाऱ्या माणसांसाठी, विजार फाटू नये म्हणून. थंडीत ती उत्तम. मे महिन्यात तारकर्लीला एकदा खाऱ्या पाण्यात भिजली की होमस्टेच्या दोरीवर दोन दिवस ओली लोंबकळत राहते. तरी प्रत्येकाच्या बॅगेत दोन असतातच.

बॅगेवरून आठवलं. रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं. नेता येतं म्हणून न्यायलाच हवं का?

पाच दिवसांना तीन सदरे किंवा कुर्ते आणि दोन विजारी पुरतात. रंग एकमेकांशी जमणारे घेतले की सहा जोड्या झाल्या. निळा, कोरा पांढरा, मातकट, फार तर एक गडद लाल. कोऱ्या पांढऱ्याबरोबर एखादा छापील सदरा हवाच, कारण हंगाम आमरसाचा आहे. बगरू किंवा अजरखच्या ठशांत डागही लपतो आणि चुणीही लपते. मात्र नवं अजरख निदान एकदा घरी वेगळं धुऊन मग बॅगेत टाका. गडद निळा रंग सुटला की सगळ्या घराचे कपडे एका रंगाचे होतात.

सुती कपड्याला चुण्या पडतात, ही तक्रार तर कायमचीच. पडू देत. सुट्टीत इस्त्रीची घडी कुणाला दाखवायची आहे? साहेब तर घरी राहिले.

‘उन्हाळ्यात कमी कपडे’ हा सल्लाही सगळीकडे चालत नाही. नागपूर-चंद्रपूरला पारा 45 च्या आसपास जातो, तिथे उघडं अंग भाजून निघतं. तिथली माणसं डोकं-तोंड दुपट्ट्यात गुंडाळून बाहेर पडतात ती हौसेने नव्हे. विदर्भात आजोळी जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा, सैल, सुती सदरा. पांढरं पातळ मलमल अंगाला गार लागतं, पण ऊन त्यातून बरंचसं आत येतं. दुपारी फिरायचं असेल तर जरा घट्ट विणीचं कापड घ्या. कोकणात मात्र वारा खेळेल असं ढगळ. महाराष्ट्र एक असला तरी उन्हाळे दोन आहेत.

पायांचं दोन ओळींत. कोल्हापुरी देवळाला आणि जेवायला घाला, पाण्यात नेऊ नका, कातडं फुगतं. माथेरानला मोटारी नाहीत, चालावं लागतं आणि माती लाल आहे. पांढरे शुभ्र बूट घेऊन जाणाऱ्याने ते परत पांढरे आणण्याची आशा सोडावी.

गणपतीपुळ्याला देऊळ थेट समुद्राला लागून आहे. सकाळी लाटा, तासाभराने गाभारा. गोव्यात मंगेशीलाही अंगभर कपडे लागतात, मुंबईत सिद्धिविनायकाच्या न्यासानेही 2025 मध्ये पोशाखाचे नियम जाहीर केले. नियम पटोत न पटोत, दारावरून परत फिरणाऱ्या पोरीचा हिरमोड व्हायचा तो होतोच. बॅगेत एक मोठी सुती ओढणी ठेवा. ती वाळूत अंथरता येते, उन्हात डोक्यावर घेता येते, देवळात कमरेला गुंडाळता येते आणि एसटीच्या खिडकीला पडद्यासारखी लावता येते.

दुकानातल्या सगळ्या सेटांत एवढं काम करणारा एक तरी आहे का?

सगळ्यात जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. यवतमाळ, वर्धा, अकोल्याच्या रानांत कापूस पिकवणारं हे राज्य, आणि सुट्टीला निघताना आपल्या अंगावर खनिज तेलापासून काढलेला धागा. सुती महाग पडतं म्हणता? तयार कपड्यात पडत असेल. मीटरने घ्या. खादी भांडारात जा, मलमल घ्या, मंगळगिरी घ्या आणि गल्लीतल्या शिंप्याकडे टाका. पण कापड आधी भिजवून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता बंडी होतो. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी शिंप्याच्या नावाने खडे फोडू नका, त्याच्याकडे महिनाभर आधी जायला हवं होतं.

आता घरातल्या बाईकडे या. पोरांच्या बॅगा तीच भरते. नवऱ्याचा टॉवेल, सासूबाईंची औषधं, वाटेतल्या दशम्या, सगळं तिच्या डोक्यात. तिची स्वतःची बॅग सगळ्यात शेवटी, उरलेल्या दहा मिनिटांत भरली जाते. मग हाताला लागतो तो लग्नातल्या अहेराचा जॉर्जेटचा ड्रेस, ‘लवकर वाळतो’ म्हणून. तो घालून ती चार दिवस समुद्रावर सगळ्यांच्या चपला राखत बसते. पर्सही तिच्याच खांद्याला, कारण त्या ड्रेसला खिसाच नसतो.

आईला पाण्यात का नेत नाही? चपला कोण राखणार म्हणून?

शिंप्याकडे पहिलं माप तिचं द्या. सुती कुर्ता, सैल, गुडघ्यापर्यंत, आणि त्याला दोन खिसे, मोबाइल पूर्ण आत जाईल एवढे खोल. शिंपी म्हणेल, लेडीजला खिसे कशाला. त्याचं ऐकू नका.