मोडका बाक आणि दुकानातला दिवा

'बँकरप्ट' या शब्दाच्या पोटात एक मोडका बाक आहे. इटालियनमध्ये 'बांका' म्हणजे बाक. मध्ययुगीन इटलीतले सराफ बाजारात बाक मांडून नाणी बदलून देत. 'बँक' आली ती तिथूनच. 'रोत्ता' म्हणजे मोडलेला. सराफाने हात वर केले की चिडलेले लोक त्याचा बाक खरोखरच फोडत, अशी गोष्ट सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. पण पैसे बुडालेल्या माणसाला निदान काहीतरी फोडायला मिळाले, या समाधानावरच ती टिकली असावी.

इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात उचलला आणि लॅटिनच्या भिडेखातर त्यात 'प' खोचला. इंग्लंडचा पहिला दिवाळखोरी कायदा आठव्या हेन्रीचा, १५४२ सालचा. त्याच्या लेखी दिवाळखोर म्हणजे गुन्हेगारच. १६०४ च्या कायद्याने तर खोटी शपथ घेणाऱ्या दिवाळखोराचा एक कान खांबाला ठोकून कापण्याची सोय केली. तरीही हा मान फक्त व्यापाऱ्यांचा. इतरांनी कर्ज थकवले तर ते नुसतेच 'इन्सॉल्व्हंट', आणि त्यांच्यासाठी तुरुंग. १८६१ पर्यंत बँकरप्ट व्हायलाही ऐपत लागे.

मराठी माणसाचे दिवाळे निघते. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याचा संबंध दिव्याशी जोडला आहे. व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, हेही तिथेच नोंदवले आहे. पेढी बुडाली की व्यापारी म्हणे दुकानात मोठा दिवा लावून ठेवी आणि हिशेब मिटेपर्यंत तोंड चुकवी. इटलीत बाक गेला, इथे तेल गेले. तेही बहुधा उधारीचे. मराठीत दिवाळे वाजतेही. दिव्याला आवाज नसतो, पण दारात जमलेल्या धनकोंना असतो. हल्ली अग्रलेखांत 'वैचारिक दिवाळखोरी' जोरात आहे. तिला भांडवल लागत नाही.

कायद्याने मात्र फारसी 'नादार' जवळ केला: ज्याच्याजवळ काही नाही तो. २०१६ च्या 'इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड'ला मराठीत 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतात. जुन्या शाळांत हीच नादारी म्हणजे गरीब विद्यार्थ्याची फीमाफी. बाजारात जो शब्द कोणी स्वतःला चिकटू देत नसे, तोच मिळावा म्हणून पालक हेडमास्तरांकडे रीतसर अर्ज करत.