न देणाऱ्या देवाची यात्रा

मार्गशीर्ष पौर्णिमेला अक्कलकोटात पाय ठेवायला जागा नसते. दत्त जयंती. स्वामी समर्थ 1856 साली गावात आले, 1878 मध्ये इथंच समाधिस्थ झाले, आणि पाहुण्यांचा तुटवडा म्हणून या गावानं नंतर कधी पाहिला नाही. त्यात दत्त जयंती म्हटल्यावर विचारायलाच नको. आदल्या रात्रीपासून गाड्या येत राहतात. स्वामी पाठीशी असल्याची ग्वाही प्रत्येकीच्या मागच्या काचेवर असते आणि गाडी आपल्या दारापुढं असते. सकाळी वटवृक्ष मंदिर, दुपारी अन्नछत्र, तिथून गाणगापूर, असा लोकांचा बेत ठरलेला. बेताच्या मधल्या फटीत सोलापुरी चादरी घेतल्या जातात.

म्हणजे कापड दुकानदारानं ज्या दिवशी गल्ल्यावरून उठू नये, तो हा दिवस. आणि नेमक्या याच दिवशी आमच्या पेठेतले कापड दुकानदार अण्णा गल्ला मुलाच्या हवाली करून गावाबाहेर पडतात. अण्णा दिगंबर जैन. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि उधारी मागताना हिंदी बोलतात. मार्गशीर्ष पौर्णिमा ही कुंथलगिरीच्याही यात्रेची तिथी. सारं जग अक्कलकोटाकडं येत असताना उलट्या दिशेनं निघालेला हा एकटा माणूस मला फार दिवस खुणावत होता. शेवटी एका वर्षी मी त्यांच्या गाडीत जाऊन बसलो.

कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात. बालाघाटाच्या रांगेतला डोंगर. दमवण्याइतका उंच नाही, पण वर मंदिरं आहेत आणि कुलभूषण-देशभूषण या दोन मुनींच्या मोक्षाची आठवण आहे. हे दोघे राजपुत्र. लहानपणापासून गुरूकडं शिकायला राहिलेले. शिकून परतताना राजवाड्याच्या खिडकीत एक मुलगी दिसली आणि दोघांचंही मन एकाच वेळी तिच्यावर बसलं. आत गेल्यावर कळलं, ती आपलीच बहीण. आपल्याकडं इतर कुणी असता तर विषय बदलून जेवायला बसला असता. या दोघांनी दीक्षा घेतली. पुढं तपश्चर्येत त्यांना छळणाऱ्या देवाला राम-लक्ष्मणांनी पिटाळून लावलं, असं सातव्या शतकातल्या रविषेणांच्या पद्मपुराणात आहे. ही कथा अण्णांनी मला गाडीत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "मुलांना शिकायला बाहेर ठेवावं, पण अधूनमधून घरी आणावं."

वर पोचलो तर मंडपात सवाल चालले होते. पहिल्या अभिषेकाचा मान कुणाचा, ते इथं बोलीवर ठरतं. आता अण्णा म्हणजे, टॉवेलच्या डझनात दोन रुपये सोडायचे तर घरी जाऊन विचार करून येतो म्हणणारे. तेच अण्णा इथं हात वर करत होते आणि प्रत्येक वेळी आकडा हजारानं वर जात होता. समोर बार्शीकडचे कुणी आडत व्यापारी होते. त्यांचाही हात खाली येईना. दोघांच्या बायका शेजारीशेजारी बसून वातींच्या कापसाबद्दल बोलत होत्या. सवाल अण्णांनी घेतला. मी हळूच म्हटलं, "अण्णा, जरा घासाघीस केली असती तर?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी उधारीवर लग्नाचा बस्ता मागितलाय.

त्याहून मजा आहारदानाला आली. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत घेऊन जेवतात. तेही मनाशी काही एक खूण ठरवून निघतात आणि ती जुळली तरच थांबतात. खूण काय, ते कुणालाच माहीत नसतं. त्यामुळं दारोदारी सोवळ्यातली कुटुंबं उभी. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या केळी, कुणी कलश घेतलेला, एका जोडप्यानं तर सुरक्षितता म्हणून सगळंच घेतलेलं. "नमोस्तु, नमोस्तु"चा गजर चालू होता. मुनिश्री सगळ्यांच्या समोरून शांतपणे निघून गेले आणि वळून परत आले, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईपुढं थांबले. तिच्या हातात साधं एक लिंबू होतं. गल्लीभर लोक तिच्या लिंबाकडं बघत राहिले. पुढच्या वर्षी लिंबांचा भाव चढणार, हे अण्णांनी तिथंच सांगून टाकलं.

अंगावरचा धागाही सोडलेल्या त्या मुनींच्या पायांवर आमच्या पेठेतला सर्वांत मोठा कापडाचा व्यापारी डोकं ठेवतो, यात अण्णांना काहीच गमतीदार वाटत नाही. मला वाटलं, पण मी बोललो नाही.

एक गोष्ट मात्र विचारल्यावाचून राहवेना. अक्कलकोटात वाढलेल्या माणसाला देव म्हणजे काहीतरी मागायची जागा. नोकरी, मूल, बदली, कोर्टाची तारीख. इथं अभिषेक झाला, अर्घ्य वाहिलं, आणि मागितलं कुणीच काही नाही. अण्णा म्हणाले, "मागायचं काय? त्यांच्याकडं हायच काय द्यायला! सगळं सोडून तर गेलेत की." वीतराग म्हणजे असाच, पूजेनं खूश होत नाही, विसरलात तरी रागावत नाही. मग अण्णांच्या सौभाग्यवती पद्मावती देवीपुढं ओटी घेऊन बराच वेळ उभ्या का होत्या, ते मी विचारलं नाही. संसारी माणसाला एखादी खिडकी लागतेच.

याच डोंगरावर 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेतली. 36 दिवसांनी, 18 सप्टेंबरला त्यांनी देह ठेवला. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी आलात की पेढे. भूम तालुका खव्याच्या भट्ट्यांचा आणि कुंथलगिरीचा पेढा लांबलांबून मागवला जाणारा. वरून त्यागाचं दर्शन घेऊन उतरलेली माणसं इथं किलोच्या खाली बोलत नव्हती. मीही दोन किलो घेतले.

सूर्यास्ताच्या आत जेवण. साडेपाचला ताटं उचलली गेली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटाही नाही. वाढणारी मंडळी आभाळाकडं बघतबघत वाढत होती. मला रात्री नऊला जेवायची सवय, म्हणून त्या वेळी दोनच पोळ्या खाल्ल्या. परतीच्या वाटेवर नऊ वाजले तेव्हा पिशवीतल्या पेढ्यांचा वास गाडीभर पसरला होता आणि शेजारी रात्री काहीही न खाण्याचा नियम घेतलेले अण्णा बसले होते. पिशवी पायाखाली सरकवून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सोलापूरच्या अलीकडं अण्णांनी मुलाला फोन लावला. धंदा कसा झाला? बराच वेळ नुसतं ऐकत होते. चादरी संपल्या होत्या, उपरणी संपली होती, गोदामातले जुने टॉवेलसुद्धा गेले होते. अण्णांनी फोन मांडीवर ठेवला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "सवालाचे सगळे निघाले."

"कृपा कुणाची म्हणायची मग?" मी विचारलं.

"स्वामींची," अण्णा लगेच म्हणाले. "ते देतात म्हणून तर तिकडं द्यायला जमतं."

मग त्यांनी मुलाला पुन्हा फोन करून पुढच्या दत्त जयंतीला चादरी दुप्पट मागवून ठेवायला सांगितलं.